जर्मन पूर्वजांचे गाव आधी अमेरिकेतच शोधावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मूळच्या पुण्याच्या, आता विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक आहात, आणि आपल्या यजमानांचे खापरपणजोबा १८८२ च्या सुमारास जर्मनीतून तिथे आले. त्यांच्याविषयी घरात तीनच गोष्टी सांगितल्या जातात: ते हॅम्बुर्गचे होते, शेतकरी होते आणि लुथेरन या प्रोटेस्टंट पंथाचे होते. जनगणनेच्या कागदांत त्यांचे जन्मस्थान एकदा ‘प्रशिया’ तर एकदा नुसते ‘जर्मनी’ असे आहे, आडनावाचे स्पेलिंग दर वेळी निराळे आहे, आणि वर्षभर संकेतस्थळे धुंडाळूनही समुद्रापलीकडचा एकही कागद हाती लागलेला नाही. मुलांची वडिलांकडची वंशावळही आपल्याकडच्या वंशावळीइतकी मागे न्यावी, यासाठी आता हॅम्बुर्गच्या अभिलेखागाराला पत्र लिहावे का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की ते पत्र इतक्यात लिहू नये. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांचा शोध घेण्याचे काम मी वीसहून अधिक वर्षे करीत आलो आहे, आणि जे शोध अडून बसलेले पाहिले त्यांतले बहुतेक एकाच कारणाने अडले होते: गावाचे नाव हाती नसताना घरच्यांनी समुद्र ओलांडण्याची घाई केली. ते नाव जर्मनीत सहसा सापडत नाही. ते अमेरिकेत, आणि बहुधा आपल्या घरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर, कुठल्या तरी जर्मन हस्ताक्षरात पडून असते.

गावावाचून का चालत नाही, हे आधी स्पष्ट करतो. जर्मनीत साऱ्या देशाची मिळून एकच अशी जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही कधीच नव्हती. सरकारी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि संपूर्ण साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली, आणि तीही प्रत्येक स्थानिक नोंदणी कार्यालयात स्वतंत्रपणे. ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठी फ्रेंच अमलामुळे ती १७९८ पासूनच होती, पण तो अपवाद आहे. त्यापूर्वीचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने त्या त्या चर्चच्या पुस्तकांत लिहिली गेली. आपल्या यजमानांचे खापरपणजोबा १८८२ मध्ये तरुण होते असे धरले, तर त्यांचा जन्म १८५०-६० च्या दरम्यानचा ठरतो, म्हणजे तो केवळ चर्चच्या पुस्तकात असणार. त्र्यंबकेश्वरी गेल्यावर तीर्थोपाध्याय आपल्याला प्रथम गाव विचारतात आणि मग नामावळीची वही उघडतात, हे आपण पाहिले असेल. नुसत्या आडनावावर तिथे भागत नाही आणि इथेही भागत नाही.

आता ‘प्रशिया’ आणि ‘हॅम्बुर्ग’ या दोन शब्दांविषयी. जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये स्थापन झाले. त्याआधी बव्हेरिया, व्युर्टेमबर्ग, बाडेन, सॅक्सनी, मेक्लेनबुर्ग, हानोव्हर अशी वेगवेगळी राज्ये होती, आणि त्यांतल्या प्रशियाने १८६६ मध्ये हानोव्हरही आपल्यात सामील करून घेतले. त्यानंतरचा प्रशिया पश्चिमेस कलोनपासून पूर्वेस क्योनिग्सबर्गच्याही पलीकडे पसरला होता, म्हणून जनगणनेतल्या त्या एका शब्दाने फारसे काही कळत नाही. तरीही तो अगदी निरुपयोगी नाही. १८८० च्या दशकात साडेचौदा लाखांच्या आसपास जर्मन लोक अमेरिकेत उतरले, एकट्या १८८२ मध्ये अडीच लाख, आणि त्या लाटेतले फार मोठे प्रमाण पोमेरानिया, पश्चिम प्रशिया आणि पोझेन या ईशान्येकडील प्रांतांतून आलेल्यांचे होते. तिथली जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती होती, रेल्वे आणि आगबोटींमुळे अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपात येऊ लागल्यावर शेतीचे भाव कोसळले, आणि भूमिहीन मजुराला तिथे उभे राहायला जागा उरली नाही. विस्कॉन्सिनशी पोमेरानियाचे नाते तर त्याहून जुने आहे. प्रशियाच्या राजाने १८१७ पासून लुथेरन आणि रिफॉर्म्ड चर्चचे एकीकरण सुरू केले, ते मान्य नसलेले ‘जुने लुथेरन’ १८३९ मध्ये मिलवॉकीच्या उत्तरेस फ्रायश्टाट येथे येऊन वसले, आणि पुढची पन्नास वर्षे त्यांच्या नात्यातले आणि गावचे लोक त्यांच्यामागून येत राहिले. आपले कुटुंब लुथेरन, विस्कॉन्सिनमधले आणि १८८२ चे असेल, तर माझी पहिली अटकळ पोमेरानियाची राहील. मात्र ती अटकळच आहे. वंशावळीत ती पेन्सिलीनेही लिहू नये.

हॅम्बुर्गची गोष्ट मला फार वेळा ऐकायला मिळते. ज्या बंदरातून बोट सुटली, त्याचे नाव पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यात ‘आमचे गाव’ होऊन बसते. परदेशात कुणी विचारले, तर साताऱ्याजवळच्या खेड्यातला माणूसही ‘मुंबईचा’ म्हणून मोकळा होतो, आणि नातवंडांच्या पिढीत ते खेडे विसरले जाते. म्हणून घरातली हॅम्बुर्गची आठवण टाकून देऊ नका, पण ती प्रवासाची खूण समजा. तिचा खरा उपयोग पुढे सांगतो.

शोधाची सुरुवात चर्चपासून करा. ज्या टाउनशिपमध्ये, म्हणजे काउंटीच्या ज्या ग्रामीण विभागात, त्यांचे शेत होते, तिथल्या जुन्या नकाशावर आसपासची लुथेरन चर्चे पाहा आणि त्यांच्या जुन्या नोंदवह्या कुठे आहेत याची चौकशी करा. काही अजून त्या मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या, कपाटातच असतात, काही सिनॉडच्या, म्हणजे अनेक चर्चांच्या संघटनेच्या, अभिलेखागारात गेलेल्या असतात, आणि चर्च बंद पडले असेल तर शेजारच्या मंडळीकडे. मिसूरी सिनॉडची ऐतिहासिक संस्था सेंट लुईस येथे आहे. विस्कॉन्सिन सिनॉडचे अभिलेखागार स्वतंत्र आहे. या वह्या पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेतच लिहिल्या जात.

चर्चला मी सर्वांत वरचे स्थान का देतो, याचे कारण लिहिणाऱ्याच्या कानात आहे. जनगणनेचा कारकून इंग्रजी बोलणारा असे; ‘ग्रायफेनबर्ग’ हे नाव कानावर पडले तर ते कसे लिहावे हे त्याला ठाऊक नसे, आणि लिहायला त्याला सांगितलेलेही नसे. पाद्री मात्र जर्मन शिकलेला, कित्येकदा त्याच प्रांतातून आलेला असे. दफनाच्या नोंदीत तो मृताचे गाव, जिल्हा, प्रांत आणि वय वर्षे-महिने-दिवसांसह लिहून ठेवी. ‘७१ वर्षे, ४ महिने, ९ दिवस’ असे वय मृत्यूच्या तारखेतून वजा केले की जन्मतारीख मिळते, आणि तीच तारीख पुढे जर्मनीतल्या पुस्तकात योग्य माणूस सापडला की नाही याची कसोटी ठरते. दफनाच्या नोंदीत गाव नसेल तर विवाहाची नोंद पाहा, ती अपुरी असेल तर मुलांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी पाहा, आणि केवळ आपल्या थेट पूर्वजाच्या नव्हे तर त्यांच्या प्रत्येक भावंडाच्या. एका कुटुंबात मी सहा भावंडांच्या नोंदी वाचल्या. पाच ठिकाणी ‘पोमेर्न’ (पोमेरानियाचे जर्मन नाव) एवढेच होते आणि सर्वांत धाकट्या, अविवाहित राहिलेल्या बहिणीच्या दफनाच्या नोंदीत गावाचे पूर्ण नाव होते.

चर्चच्या आवारातली दफनभूमी स्वतः जाऊन पाहा. संगणकावरच्या छायाचित्रात समोरची बाजू दिसते. मागची आणि तळाची दिसत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका संगमरवरी शिळेसमोर मी बसलो होतो. वर ‘इथे देवाच्या कुशीत विसावला आहे’ या अर्थाची नेहमीची जर्मन ओळ, त्याखाली नाव, त्याखाली ‘गेब.’ आणि तारीख, आणि शेवटची ओळ जमिनीत अर्धी बुडालेली. गवताची मुळे बोटांनी बाजूला केली, आरशाने उन्हाचा तिरपा झोत दगडावर पाडला, आणि सावलीत अक्षरे उठून आली: त्या ओळीत गाव होते. शिळा ब्रशने घासू नका, खडूही फिरवू नका. जुना संगमरवर त्याने झिजतो. पाणी, आरसा आणि सकाळचे किंवा संध्याकाळचे ऊन पुरते. ‘गेब.’ या खुणेचे दोन अर्थ होतात, हेही लक्षात ठेवा. तारखेआधी ती आली तर ‘जन्म’, आणि स्त्रीच्या नावापुढे आडनावाआधी आली तर ‘माहेरचे आडनाव’.

चर्चनंतर वर्तमानपत्रे. मिलवॉकीत आणि वॉटरटाउनसारख्या गावांतही जर्मन भाषेची वर्तमानपत्रे निघत, आणि त्यांतले मृत्युलेख इंग्रजी पत्रांपेक्षा पुष्कळ सविस्तर असत. घरच्यांनी इंग्रजी पत्रातला चार ओळींचा मजकूर जपून ठेवला म्हणून तेवढ्यावर थांबू नका. त्याच आठवड्याचे जर्मन पत्र सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) काढून वाचा.

सरकारी कागदांत नागरिकत्वाचे कागद लोक सर्वांत आधी मागवतात आणि निराश होतात. २७ सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मगाव असते. त्याआधीच्या कागदांत बहुधा राजाचे नाव आणि देश एवढेच असते, कारण कायद्याला त्या राजाशी असलेली निष्ठा सोडल्याचे वचन हवे होते. विस्कॉन्सिनचे आणखी एक वैशिष्ट्य असे की नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी पुरुषाला १९०८ पर्यंत तिथे मतदान करता येत असे, त्यामुळे पुष्कळांनी ‘पहिला कागद’ केला आणि दुसरा कधी केलाच नाही. बायकांचे स्वतंत्र कागद शोधू नका. १९२२ पर्यंत पत्नीचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वाबरोबर ठरत असे. जनगणनेचा १९०० चा तक्ता मात्र काळजीपूर्वक वाचा, कारण त्यात जन्माचा महिना आणि वर्ष, अमेरिकेत येण्याचे वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती असते. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ संपूर्ण गेली आहे, तेव्हा तिच्या शोधात वेळ घालवू नका. राज्याची मृत्युनोंदणी १ ऑक्टोबर १९०७ पासून नीट सुरू झाली. त्याआधीच्या नोंदींची सूची विस्कॉन्सिनच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहे.

एवढे करूनही गाव मिळाले नाही, तर शेजाऱ्यांकडे वळा. माझ्या अनुभवात हा मार्ग सर्वांत कमी वापरला जातो, आणि तो फार क्वचित रिकाम्या हाताने परत पाठवतो. हे लोक एकटे येत नसत. पुढे आलेला चुलता पत्र लिही, तिकिटाचे पैसे पाठवी, आणि मागून आलेला पुतण्या त्याच्याच शेताला लागून शेत घेई. म्हणून मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्म-आईबाप (गॉडपेरेंट) म्हणून कोण उभे राहिले, लग्नाला साक्षीदार कोण होते, जमिनीच्या नकाशात सभोवार कोणाची नावे आहेत, याची यादी करा आणि त्या कुटुंबांचे गाव शोधा. चार शेजाऱ्यांपैकी तिघे एकाच परगण्यातले निघाले, तर आपला माणूसही तिथलाच असण्याची शक्यता बरीच वाढते.

आता हॅम्बुर्ग. तिथून सुटलेल्या प्रवाशांच्या १८५० ते १९३४ या काळातल्या याद्या टिकून आहेत, आणि त्यांत प्रवाशाचे आधीचे वास्तव्याचे ठिकाण लिहिलेले असते; त्या काळच्या अमेरिकेतल्या आगमनाच्या यादीत ते सहसा नसते. म्हणून घरातली आठवण खरी असेल तर ती आपल्याला गावापर्यंत नेऊ शकते. थेट आणि अप्रत्यक्ष अशा दोन स्वतंत्र याद्या आहेत. हल आणि लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या बंदरांमार्गे गेलेले लोक दुसऱ्या यादीत असतात, हे न कळल्याने पुष्कळजण अर्धाच शोध घेऊन परततात. बोट ब्रेमेनची असेल तर मात्र हा मार्ग बंद आहे. तिथल्या जुन्या याद्या जागेअभावी नष्ट केल्या गेल्या, उरलेल्यांपैकी पुष्कळ दुसऱ्या महायुद्धात गेल्या, आणि आज प्रामुख्याने १९२० नंतरच्या शिल्लक आहेत. आपले खापरपणजोबा १८८२ चे, म्हणजे न्यूयॉर्कचे एलिस बेटावरचे आगमन-केंद्र उघडण्याच्या दहा वर्षे आधीचे. ते न्यूयॉर्कला उतरले असतील तर कॅसल गार्डन या त्याआधीच्या केंद्रात, आणि ब्रेमेनहून आले असतील तर बाल्टिमोरही तपासून पाहा.

आडनावाच्या स्पेलिंगचा घोळ आपल्याला वाटतो तितका भयंकर नाही. अमेरिकेतल्या बंदरावर अधिकाऱ्यांनी नावे बदलली, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा खरी नाही. अधिकारी बोटीवरून आलेल्या यादीवरूनच काम करीत. नावे बदलली ती नंतर, हळूहळू, शाळेत, बँकेत आणि कारकुनाच्या कानात. जर्मन ‘व्ही’चा उच्चार बहुधा ‘फ’ होतो, म्हणून ‘फोगल’ हे नाव इंग्रजी कारकुनाने ‘एफ’ने लिहिले. ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो, म्हणून ते ‘वाय’ने आले. ब आणि प, द आणि त, ग आणि क यांची अदलाबदल नित्याची. आपण स्वतः मराठीभाषक आहात, याचा इथे फायदा करून घ्या: नावाचा जर्मन उच्चार एखाद्या जाणकाराकडून ऐका, तो देवनागरीत लिहून ठेवा, आणि मग तो उच्चार रोमन लिपीत किती प्रकारे लिहिता येईल याची यादी करा. काही नावांचे सरळ भाषांतरही झाले: श्नायडरचे टेलर, झिमरमानचे कारपेंटर. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनांविषयी द्वेष पसरला तेव्हा पुष्कळ कुटुंबांनी नाव बदलले आणि भाषाही घराबाहेर टाकली. आपल्या घरी तीनच गोष्टी उरल्या, त्यामागे हे मौन असू शकते. आणखी एक सूचना नावांची. जर्मन माणसाला दोन-तीन नावे असत आणि हाक मारण्याचे नाव बहुधा पहिले नसे. सगळ्या भावांचे पहिले नाव ‘योहान’ असू शकते. अमेरिकेतला ‘विल्यम’ तिकडे ‘योहान फ्रीडरिश विल्हेल्म’ म्हणून लिहिलेला असेल.

गावाचे नाव मिळाले, तरी थांबा. एकाच नावाची गावे जर्मनीत डझनावारी आहेत. १९१२-१३ मध्ये निघालेला मायरचा स्थळकोश आता ‘मायर्सगॅझ’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. त्यात साम्राज्यातली दोन लाखांहून अधिक ठिकाणे आहेत, आणि प्रत्येकाचा जिल्हा, नोंदणी कार्यालय आणि गावात चर्च आहे की नाही हे दिले आहे. चर्च नसेल तर ते गाव जवळच्या दुसऱ्या चर्चला जोडलेले असते, आणि पुस्तक त्या चर्चच्या नावाने शोधावे लागते. त्यानंतर आजचे नाव पाहा. पोमेरानियाचा ओडर नदीपलीकडचा भाग आणि काठावरचे श्टेटिन १९४५ पासून पोलंडमध्ये आहेत: ग्रायफेनबर्गचे ग्रिफित्से झाले, श्टेटिनचे श्चेचिन, नाउगार्डचे नोवोगार्ड.

पुस्तके कुठे पाहावीत हे प्रांतावर अवलंबून आहे. संकेतस्थळांपैकी प्रोटेस्टंट चर्चची पुस्तके ‘आर्किऑन’वर शुल्क भरून, कॅथलिक पुस्तके ‘माट्रिकुला’वर मोफत, आणि दोन्ही प्रकारची पुष्कळ ‘फॅमिलीसर्च’वर मोफत पाहता येतात, यांतली काही फक्त फॅमिलीसर्चच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांतच उघडतात. पूर्वेकडच्या प्रांतांची बरीच पुस्तके युद्धात गेली, पण प्रशियात १७९४ च्या कायद्याने प्रत्येक चर्चला दुसरी प्रत न्यायालयात द्यावी लागत असे, त्यामुळे मूळ पुस्तक नसले तरी प्रत मिळू शकते. पोलंडच्या राज्य अभिलेखागारांकडे, बर्लिनच्या प्रोटेस्टंट मध्यवर्ती अभिलेखागारात आणि, १८७४ नंतरच्या नोंदींसाठी, बर्लिनच्या पहिल्या क्रमांकाच्या नोंदणी कार्यालयात चौकशी करावी. जर्मनीत जन्माच्या नोंदी ११०, विवाहाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी खुल्या होतात.

पुस्तक उघडल्यावर पहिला धक्का लिपीचा बसेल. ती ‘कुरेंट’ ही जुनी जर्मन हस्तलिपी आहे, आणि मराठी येत असूनही मोडीचा कागद जसा आपल्याला वाचता येत नाही, तशी आजच्या बहुतेक जर्मनांनाही ती वाचता येत नाही. तेव्हा एखाद्या जर्मन मित्राला छायाचित्र पाठवून भागेल असे समजू नका. या लिपीतला ‘ई’ हा ‘एन’सारखा दिसतो, ‘यू’वर एक छोटा अर्धगोल असतो, आणि मोठ्या अक्षरांत ‘के’ व ‘आर’ यांची गल्लत होते. माझी रीत अशी आहे की पुस्तकाची आधीची वीस-पंचवीस पाने, आपला माणूस न शोधता, केवळ त्या पाद्र्याचे वळण ओळखीचे व्हावे म्हणून वाचायची. त्याच गावांची, त्याच धंद्यांची नावे पुनःपुन्हा येतात आणि डोळा बसतो.

मग आपली नोंद वाचताना प्रत्येक रकाना वाचा. माझ्यासमोर आत्ता पोमेरानियातल्या एका बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत आहे. मुलाची तीन नावे, जन्म पहाटे चार वाजता, बाप्तिस्मा सहा दिवसांनी, आईचे माहेरचे आडनाव, पाच धर्म-आईबाप, आणि वडिलांच्या नावापुढे ‘टागेलोनर’, म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. त्या घरातही ‘आमचे शेत होते’ असेच सांगत असत. आपल्याकडेही असे निघाले तर घरच्यांना ते जपून आणि आदराने सांगा. ज्याला तिकडे स्वतःची एक पट्टीही जमीन नव्हती, त्याने विस्कॉन्सिनमध्ये जंगल तोडून शेत उभे केले, ही त्या माणसाची मोठी कमाई आहे आणि ती कागदावर आली पाहिजे.

संकेतस्थळांवरच्या तयार वंशावळींवर भरवसा ठेवू नका. त्याच नावाची दोन माणसे त्याच गावात असणे नेहमीचेच आहे, आणि मूल दगावले तर पुढच्या मुलाला तेच नाव दिले जाई. आपला माणूस तोच आहे असे म्हणण्यापूर्वी जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव आणि निदान एक भावंड, एवढे तरी दोन्ही देशांच्या कागदांत जुळले पाहिजे. याच कारणासाठी पुस्तकात त्या मुलाची मृत्युनोंद नाही ना, हेही पुढची दहा-पंधरा वर्षे तपासा. डीएनए चाचणीने अमेरिकेतले दूरचे नातलग सापडतील आणि त्यांच्याकडे जुने पत्र किंवा बाप्तिस्म्याचा दाखला निघू शकेल. तिचा उपयोग मी तेवढ्यापुरताच धरतो.

पत्र लिहिण्याची वेळ यानंतर येते. ते त्या देशाच्या भाषेत, अर्ध्या पानाचे असावे. त्यात एकाच माणसाविषयी एकच विनंती, पूर्ण नाव, तारीख, गाव, जिल्हा आणि पंथ असावा, आणि खर्च देण्याची तयारी स्पष्ट लिहावी. सगळी कुटुंबकथा सांगणारे चार पानी पत्र बाजूला पडते. आणि पुढे कधी ते गाव पाहायला गेलात, तर चर्च बहुधा उभे दिसेल, पण ते आता कॅथलिक असेल. जुने जर्मन रहिवासी १९४५ नंतर तिथून घालवले गेले, त्यांची दफनभूमी बहुतेक ठिकाणी मोडून गेली आहे आणि तिथल्या पाद्र्याकडे जुनी प्रोटेस्टंट पुस्तके नसतात, म्हणून त्यांची मागणी त्याच्याकडे करू नका. दार उघडून आत बसू द्यावे एवढीच विनंती करा. सध्या मात्र आपल्या टाउनशिपचा जुना जमिनीचा नकाशा आणि आसपासच्या चर्चांची नावे मला कळवा. कोणत्या मंडळीच्या वह्या आधी पाहायच्या, ते त्यावरून सांगता येईल.